ई-लिलावातील अखेरचा क्षण

जबलपूर येथे मुख्यालय असलेल्या पश्चिम मध्य रेल्वेच्या भंगाराची विक्री ई-लिलावाने होते. लिलाव ठरावीक क्षणी संपत असेल, तर स्वयंचलित सेवा शेवटच्या सेकंदाला बोली लावते. प्रतिस्पर्ध्यास उत्तर देण्यास अवधी उरत नाही व विक्रेत्यास योग्य किंमत मिळेलच असे नाही. शिवाय अशा सेवेकडे आपला संकेतशब्द सोपवावा लागतो. रॉथ व ऑकनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखविले की, ठरावीक वेळी संपणाऱ्या ईबेवरील लिलावांत अशा बोली अधिक, तर मुदत आपोआप वाढविणाऱ्या ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावांत कमी होत्या. रेल्वेच्या ई-लिलावातही अखेरच्या मिनिटांत बोली आल्यास मुदत वाढते. सार्वजनिक मालमत्तेचे मूल्य यंत्राच्या वेगाने नव्हे, तर खुल्या स्पर्धेने ठरावे, हेच या नियमाचे मर्म होय.