शेतातील चाकू, विळा व कोयता : पोलादाची निवड आणि धार

शेतकऱ्याच्या कमरेचा चाकू, हातातील विळा आणि ऊसतोडीचा कोयता ही रोजच्या वापरातील हत्यारे होत. बियाणे व खते यांची निवड आपण विचारपूर्वक करतो. परंतु पाते विकत घेताना ते कोणत्या पोलादाचे आहे याची चौकशी सहसा होत नाही. बोथट पात्याने कलमाची काडी चेचली जाते व कलम धरत नाही. ऊस जमिनीलगत न तुटता वर तुटतो. साखरेचे प्रमाण अधिक असलेला बुंध्याचा भाग शेतात राहतो आणि वरच्या डोळ्यांतून फुटलेला खोडवा अशक्त निघतो. शिवाय बोथट हत्याराला जोर अधिक लागतो, ते घसरते आणि हाताला किंवा पायाला इजा करते. म्हणून पोलाद व धार यांसंबंधी काही मूलभूत माहिती प्रत्येकाने करून घेणे इष्ट आहे.

पोलादाचे गुण कशावर अवलंबून असतात?

पोलाद म्हणजे लोखंड व अल्प प्रमाणातील कार्बन यांचे मिश्रण होय. एक किलो पोलादात कार्बन अडीच ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते मऊ पोलाद. त्याला तापवून पाण्यात बुडविले तरी म्हणण्यासारखा कठीणपणा येत नाही. कार्बन ५-६ ग्रॅम असेल तर पोलाद कठीण होऊ शकते व चिवटही राहते. कार्बन ८ ते १२ ग्रॅमपर्यंत वाढला की धार फार तीक्ष्ण येते व पुष्कळ दिवस टिकते. परंतु पाते ठिसूळ होण्याचा संभव असतो. कठीणपणा व चिवटपणा हे दोन्ही गुण एकाच पात्यात पुरेपूर मिळत नाहीत. यासाठी प्रथम काम ठरवावे आणि मग पोलाद निवडावे.

चार प्रकारांची तुलना

(१) मऊ पोलाद : सळई किंवा साध्या पट्टीपासून केलेली हत्यारे स्वस्त असतात. धार लवकर लागते, पण तितक्याच लवकर जाते. अशी हत्यारे एखाद्या हंगामापुरतीच समजावी.

(२) मोटारीच्या कमानीचा पाटा : खेडोपाडी लोहार मालमोटारीच्या जुन्या पाट्यापासून कोयते व कुऱ्हाडी करतात, ते योग्यच आहे. या पोलादात किलोमागे सुमारे ५ ते ६ ग्रॅम कार्बन असून चिवटपणा वाढविणारे सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम यांसारखे घटक असतात. आघाताच्या कामाला हे उत्तम. मात्र तुटलेल्या पाट्यात केसासारख्या बारीक भेगा असू शकतात. त्या पाहून घेऊन तेवढा भाग टाकून द्यावा.

(३) अधिक कार्बनचे पोलाद : जुनी कानस या वर्गात मोडते. कलमाच्या चाकूस हे पोलाद चांगले, कारण त्याला अतिशय बारीक धार येते. याचे दोन दोष आहेत. एक, ते लवकर गंजते. कोकणातील खारट व दमट हवेत तर एका रात्रीत तांबूस पडते. दुसरा, आंब्याचा चीक किंवा आंबट फळांचा रस लागला की ते काळे होते. तथापि, वापरानंतर पुसून तेलाचा हात दिल्यास असा चाकू वर्षानुवर्षे टिकतो.

(४) स्टेनलेस पोलाद : यात शेकडा १०.५ किंवा अधिक क्रोमियम असते व त्यामुळे गंज सहसा चढत नाही. तथापि, सर्व स्टेनलेस सारखे नव्हे. जेवणाच्या ताटवाट्यांचे स्टेनलेस, ज्यात सुमारे शेकडा १८ क्रोमियम व ८ निकेल असते, ते तापवून बुडविल्याने कठीण होत नाही आणि पात्यास निरुपयोगी ठरते. चाकूचे स्टेनलेस वेगळे असून त्याला चुंबक चिकटते. म्हणून ‘चुंबक चिकटले, तेव्हा हे स्टेनलेस नाही’ ही बाजारातील समजूत चुकीची आहे.

अलीकडे धातूच्या चूर्णापासून केलेल्या भारी पोलादाचे खिशातील चाकूही मिळतात. त्यांची धार दीर्घकाळ टिकते. पण त्यातील व्हॅनेडियमचे कण इतके कठीण असतात की साध्या दगडाने ते नीट घासले जात नाहीत, हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. जे हत्यार बांधावर बसून परजता येत नाही ते शेतकऱ्याच्या फारसे उपयोगाचे नाही.

डाळिंबाच्या बागेतील विशेष विचार

तेल्या रोगाचे जिवाणू छाटणीच्या हत्याराबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. यासाठी प्रत्येक झाडानंतर पाते शेकडा १ सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडविण्याची शिफारस आहे. बाटलीवर शेकडा ४ असे लिहिले असेल तर एक भाग औषधात तीन भाग पाणी मिसळावे. हे द्रावण साध्या पोलादास झपाट्याने खाते. अशा बागेत स्टेनलेस पाते घेणे हिताचे. तेही काम संपताच स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवावे. गंजेल या भीतीने पाते बुडविणेच टाळणे म्हणजे हत्यार वाचवून बाग गमावणे होय.

पाणी देणे

पोलाद कितीही चांगले असले तरी लोहाराने पाणी नीट दिले नाही तर ते व्यर्थ जाते. पाते लाल तापवून चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटेनासे झाले म्हणजे उष्णता सुमारे ७७० अंश सेंटिग्रेड झाली. त्याहून किंचित अधिक तापवून पाते बुडवावे. कमानीचा पाटा तेलातच बुडवावा, पाण्यात तो तडकण्याचा धोका असतो. बुडविलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते घासून चकचकीत करावे व मंद आचेवर पुन्हा तापवावे. गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंशांवर येतो. कलमाच्या चाकूस तो पुरे. कोयत्यास जांभळा रंग, म्हणजे सुमारे २८० अंश, येईपर्यंत तापवावे. कठीणपणा थोडा कमी होतो, पण पाते तुटत नाही.

पाते नीट झाले की नाही हे कानशीने तपासता येते. धारेच्या कडेवर कानस सहज रुतली तर पाते मऊ. ती गुळगुळीत घसरून गेली तर पाते फार कठीण आहे असे समजावे.

धार कशी लावावी?

बाजारातील फिरत्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवून लावलेली धार पाहावयास झगझगीत दिसते. परंतु कडेला निळा रंग आला असेल तर तेथील उष्णता ३०० अंशांच्या घरात गेली व तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. चाक वापरणे भागच असेल तर पाते क्षणभर टेकवून वारंवार पाण्यात बुडवावे.

घरी दोन बाजूंचा कार्बोरंडमचा निसणा ठेवावा. जाड बाजूने आकार द्यावा व बारीक बाजूने धार पुरी करावी. दगडावर पाणी किंवा तेल यांपैकी एकच नेहमी वापरावे. पाते दगडावर किती कलते धरावे यासाठी सोपे माप असे :

कलमाचा व खिशातील चाकू : पात्याच्या रुंदीचा चौथा हिस्सा पाठ उचलावी. दोन सेंटिमीटर रुंद पात्यास अर्धा सेंटिमीटर. हा कोन सुमारे १५ अंशांचा होतो.

साधा विळा : रुंदीचा तिसरा हिस्सा, सुमारे २० अंश.

कोयता व कुऱ्हाड : रुंदीच्या दोन-पंचमांश ते निम्मी, २५ ते ३० अंश. याहून पातळ धार बुंध्यावर आपटून दुमडते.

एकाच कोनात घासत राहिल्यास दुसऱ्या बाजूस बारीक उलटलेली कड बोटास लागते. ती संपूर्ण लांबीवर लागली म्हणजे बाजू बदलावी. शेवटी हलक्या हाताने आळीपाळीने घासून व कातड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने ओढून ही कड काढून टाकावी. कलमाच्या ज्या चाकूस एकाच बाजूने उतार असतो त्याची उताराचीच बाजू घासावी. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोन वेळा फिरविली म्हणजे पुरे. दातेरी विळ्याचे दाते दगडावर घासू नयेत, दाते नाहीसे होतात.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावातील दोन-तीन निरनिराळे चाकू घेऊन एकाच दगडावर, एकाच कोनात धार लावावी. प्रत्येकाने सुंभाच्या जुन्या दोरीचे ५० तुकडे करावेत व नंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहावा. कोणत्या पात्याने कागद सरळ कापला आणि कोणत्याने फाडला हे सर्वांस दिसेल. त्याच वेळी गावच्या लोहारास बोलावून चुंबकाची व रंगांची रीत दाखवावी. या कामी लोहाराचे सहकार्य मोलाचे आहे, कारण गावच्या बहुतेक हत्यारांचे पाणी त्याच्याच हातून दिले जाते.

सारांश, तोडण्याच्या कामास कमानीच्या पाट्याचा कोयता, कलमास अधिक कार्बनचा चाकू, आणि औषधाने धुवावयाच्या किंवा दमट जागी वापरावयाच्या पात्यास चांगले स्टेनलेस, अशी निवड करावी. कामावर निघण्यापूर्वी पाच मिनिटे निसण्यावर घालवावीत. दिवसभराच्या श्रमात ती भरून निघतात. इतकी काळजी घेऊनही हात कापल्यास जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.