निर्वात नलिका आणि आपले कान

आपल्या आजोबांच्या पिढीला रेडिओतील ‘व्हॉल्व्ह’ चांगले परिचयाचे होते. रेडिओ लावला की काचेच्या नळ्या तांबूस उजळत आणि मग काही क्षणांनी आवाज येई. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि हे व्हॉल्व्ह, म्हणजेच निर्वात नलिका, घरांतून हद्दपार झाल्या. ध्वनिमुद्रणगृहांत मात्र त्यांचा मान अजून टिकून आहे. यंत्रातील नलिका काढून तेथे जुन्या, नामांकित बनावटीची नलिका बसविली की आवाजाला ‘ऊब’ येते, अशी अनेकांची श्रद्धा आहे आणि त्यापायी पैसाही बराच खर्च होतो. ही श्रद्धा कितपत खरी, हे एका प्रसिद्ध यंत्राच्या आधारे पाहू.

हे यंत्र म्हणजे ‘पुलटेक’ इक्वलायझर. आवाजातील खर्जाचा व तीव्र स्वरांचा भाग हवा तसा कमी-अधिक करणे, हे इक्वलायझरचे काम. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या पल्स टेक्निक्स या कंपनीने १९५१ मध्ये ‘ईक्यूपी-१’ हे यंत्र बाजारात आणले. त्याची पुढची आवृत्ती ‘ईक्यूपी-१ए’ ही ध्वनिमुद्रकांच्या विशेष आवडीची ठरली.

या यंत्राची रचना ध्यानात घेतली, तर अर्धा उलगडा तेथेच होतो. आवाजाला वळण देण्याचे काम त्यातील नलिका करीतच नाहीत. ते तारेची वेटोळी, कंडेन्सर आणि रोधक करतात. मात्र या मंडलातून जाताना विद्युत्संकेत सुमारे १६ डेसिबलने क्षीण होतो, म्हणजे त्याचा दाब जवळजवळ एकषष्ठांश उरतो. गेलेले बळ परत मिळवून देणे एवढेच नलिकांचे काम. त्यासाठी १२एएक्स७ आणि १२एयू७ या दोन नलिका आहेत. तिसरी, ६एक्स४, त्यांना लागणारा एकदिश विद्युत्प्रवाह पुरविते. शिवाय प्रवर्धकाच्या निर्गमातील थोडा अंश उलटा फिरवून पुन्हा आत दिलेला असतो. यालाच ऋण पुनर्भरण म्हणतात. नलिकानलिकांतील फरक त्यामुळे बराचसा झाकला जातो.

मग नलिका बदलून काहीच फरक पडत नाही काय? पडतो; पण तो कोणता, हे पाहिले पाहिजे. नलिका जुनी झाली की तिच्या ऋणाग्रातून निघणारे इलेक्ट्रॉन कमी होतात, खरखर वाढते. काही नलिकांचे आतले भाग सैल असतात. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली तर ध्वनिक्षेपकातून ‘टण्’ असा नाद येतो. अशी नलिका बदलताच यंत्र स्वच्छ बोलू लागते. हा लाभ निर्विवाद आहे.

‘उबेचे’ कोडे अधिक मनोरंजक आहे. कोणताही प्रवर्धक मूळ स्वरात काही उपस्वर मिसळतो. दुसरा उपस्वर म्हणजे षड्जाचा तार षड्ज; तिसरा म्हणजे तार सप्तकातील पंचम. १२एयू७ मध्ये एकाच काचेत दोन नलिका असतात आणि येथे त्या परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात. त्यामुळे त्यांचे दुसऱ्या जातीचे उपस्वर एकमेकांना छेद देतात. दोन्ही भाग सारखे नसतील तर हा छेद अपुरा राहतो आणि तार षड्ज किंचित डोकावतो. कानाला तो गोड वाटू शकतो. म्हणजे ज्याला आपण नलिकेचा गुण समजतो, तो कधीकधी तिच्यातील असमतोल असतो!

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १२एएक्स७ आणि १२एयू७ यांची बैठक एकच, नऊ पिनांची; पण पहिलीचा प्रवर्धनांक सुमारे १००, तर दुसरीचा २० च्या आत. बसते म्हणून कोणतीही नलिका कोठेही बसविली, तर गेलेले बळ पुरते भरून येत नाही. तसेच आतील दाब काही शे व्होल्टचा असतो आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतो. म्हणून हे काम जाणकाराच्या हातूनच व्हावे.

शेवटचा प्रश्न कानाचा. नव्या नलिकेने आवाज अर्ध्या डेसिबलने जरी वाढला, तरी तो ‘मोठा झाला’ असे न वाटता ‘चांगला झाला’ असे वाटते. त्यात पैसे खर्च केलेले असले, की मनही साक्ष द्यायला तयार असते. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही नलिकांतून एकच गायन मुद्रित करावे, एक हजार हर्ट्झच्या स्वरावर दोन्हींची पातळी तंतोतंत जुळवावी, आणि कोणते मुद्रण कोणते हे ऐकणाऱ्यास न सांगता दहा वेळा ओळखावयास लावावे. पाच-सहा उत्तरे बरोबर आली, तर तो अंदाजच समजावा. नऊ किंवा दहा बरोबर येणे योगायोगाने शंभरात एखाद्याच वेळी घडते. तेव्हा फरक खरा मानण्यास हरकत नाही.

सारांश, बिघडलेली नलिका अवश्य बदलावी. चांगली नलिका बदलण्यापूर्वी मात्र आधी आपल्या कानांची परीक्षा घ्यावी. संगीतात आपण स्वरज्ञानाचा अभिमान बाळगतो. स्वतःच्या ऐकण्यावर शंका घेता येणे हाही त्या ज्ञानाचाच एक भाग आहे.