धरण, कारखाना आणि धोरण: पदवी पातळीवरील एका नव्या अभ्यासक्षेत्राचा विचार

बारावीनंतरच्या पर्यायांत अलीकडे सार्वजनिक धोरण, उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व आणि शाश्वतता ही नावे कधी सुटी, कधी एकत्र जोडलेली दिसू लागली आहेत, आणि अभियांत्रिकी, वैद्यक, बँक किंवा स्पर्धा परीक्षा यांच्याच चौकटीत मुलांच्या भवितव्याचा विचार करत आलेल्या पालकांना या नावांमागे नेमके कोणते शिक्षण आणि कोणती नोकरी आहे हे कळत नाही. सार्वजनिक धोरण म्हणजे एखाद्या सामूहिक प्रश्नाबाबत शासनाने काय करायचे आणि काय करायचे नाही याचा निर्णय, त्या निर्णयासाठी उभी केलेली यंत्रणा, तिला दिलेला पैसा आणि त्यातून प्रत्यक्षात घडलेला परिणाम, या सर्वांचा अभ्यास. उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व म्हणजे कंपनीने केवळ भागधारकांना नफा मिळवून देऊन न थांबता कामगार, ग्राहक, शेजारची वस्ती आणि परिसर यांच्याबाबतही जबाबदार राहावे ही अपेक्षा, जिचा काही भाग भारतात आता कायद्यानेच ठरवून दिला आहे. शाश्वतता ही कल्पना १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने जगभर रूढ केली. आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता हिरावली जाऊ नये, असा तिचा आशय आहे. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या तीन विषयांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: एखाद्या निर्णयाचा लाभ कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण मोजतो.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी मध्य प्रदेशातील जबलपूरच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. शहराजवळच नर्मदेवर उभे असलेले बरगी धरण, ज्याला राणी अवंतीबाई लोधी सागर असे अधिकृत नाव आहे, हे नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर आखलेल्या धरणांच्या साखळीतील सर्वांत आधी पूर्ण झालेले धरण होय. १९७४ मध्ये त्याचे काम सुरू झाले, १९९० मध्ये जलाशय भरला आणि मंडला, सिवनी व जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ बसली. धरणाने ९० मेगावॉट जलविद्युत दिली, शहराला पाणी दिले, सिंचनाची आशा दिली. परंतु कालव्यांचे जाळे धरणाच्या मानाने फार मागे राहिले, आणि उजव्या कालव्याचे पाणी कटनीपलीकडे सतना-रीवाकडे नेण्यासाठी स्लीमनाबाद येथे खोदायला घेतलेला बोगदा वर्षानुवर्षे रेंगाळला. या एकाच प्रकल्पात धोरणाचा अभ्यासक जे शिकतो ते जवळजवळ सगळे आहे. लाभ-व्यय विश्लेषण, म्हणजे प्रकल्पाचे सारे फायदे आणि सारा खर्च पैशांत मांडून त्यांची तुलना करण्याची पद्धत, येथे कुठे तोकडी पडते हे दिसते, कारण बुडालेल्या जंगलातून घराला मिळणारी मोहाची फुले, तेंदूपत्ता आणि सरपण यांची नोंद हिशेबाच्या वहीत क्वचितच होते. विस्थापन आणि पुनर्वसन यांतील अंतरही दिसते, आणि अंमलबजावणी ही धोरणाची शेपटी नसून त्याचा गाभा आहे हेही कळते.

बरगीची कथा केवळ हानीची नाही, आणि म्हणूनच ती अभ्यासाला अधिक मोलाची आहे. विस्थापितांनी संघटित होऊन जलाशयातील मासेमारीच्या हक्काची मागणी केली आणि १९९४ मध्ये राज्य सरकारने तो हक्क त्यांच्या सहकारी संस्थांच्या संघाला दिला, म्हणजे ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यावर उपजीविकेचा अधिकार मिळवण्याचा हा प्रयोग होता. तो किती टिकला, ठेकेदारी पद्धतीशी त्याची तुलना केली तर मच्छीमाराच्या हाती किती पडले, सहकाराच्या नियमांनी त्याला कुठे बळ दिले आणि कुठे अडवले, हे प्रश्न पदवीच्या तिसऱ्या वर्षातील एखाद्या मेहनती विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून सहज पेलणारे आहेत. याच जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका येथे प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन संचांचा अणुवीज प्रकल्प प्रस्तावित आहे आणि एकदा उठलेल्या कुटुंबांना पुन्हा उठावे लागण्याची भीती त्यातून निर्माण झाली आहे. अशा प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन करावे लागते, त्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. कोळशाशिवायची वीज आणि आदिवासींचे घर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे ज्याला पेलते त्यानेच या क्षेत्राकडे वळावे.

जबलपूरमधील अनेक मराठी घरांत तीन पिढ्यांपासून आयुधनिर्माणी, रेल्वे किंवा वीज मंडळ यांतील नोकरीचा वारसा आहे, आणि त्या घरांनी धोरणाचा एक मोठा बदल स्वतः अनुभवला आहे, जरी त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून कोणी पाहिले नसले तरी. १९०४ साली उभी राहिलेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरिया आयुधनिर्माणी आणि १९६९ मधील व्हेइकल फॅक्टरी या संस्था १ ऑक्टोबर २०२१ पासून थेट सरकारी खात्याचा भाग राहिल्या नाहीत. आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन देशभरातील कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटले गेले, त्यामुळे खमरिया पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे, व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीतील कंपनीकडे आणि गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे गेली. कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ सरकारी सेवाशर्ती कायम ठेवून नव्या कंपनीच्या हाताखाली, काम करू लागले. निर्णय का झाला, कोणते पर्याय तपासले गेले, कामगार संघटनांचे आक्षेप कोणते होते, आणि कंपनी झाल्याने उत्पादकता व जबाबदारी यांत काय फरक पडला, असे प्रश्न विचारणे म्हणजेच धोरणाचा अभ्यास करणे. सुरक्षित मानली गेलेली नोकरीसुद्धा एका धोरणाच्या आधारावर उभी असते, ही गोष्ट पालकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

कंपनी म्हटली की कंपनी कायदा आला. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेल्या शिक्षण, आरोग्य, पर्यावरण अशा कामांवर खर्च करायची असते, तीही आपल्या कार्यक्षेत्रालगतच्या भागाला प्राधान्य देऊन. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. ज्या कंपन्यांवर हे दायित्व सरासरी १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे त्यांना मोठ्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यांकन, म्हणजे पैसे खर्च झाल्यावर लोकांच्या आयुष्यात खरोखर काय बदलले याची स्वतंत्र तपासणी, करून घ्यावी लागते. याखेरीज सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले आहे. वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन, अपघात, वेतनातील स्त्री-पुरुष तफावत अशा बाबींची आकडेवारी त्यात द्यावी लागते. या क्षेत्रातील रोजगाराचा ठोस पाया या दोन कायदेशीर बंधनांत आहे, कारण आकडे गोळा करणारा, तपासणारा आणि त्यांचा अर्थ लावणारा माणूस त्यामुळे प्रत्येक मोठ्या कंपनीला आणि तिच्या सल्लागार संस्थांना लागतोच.

मात्र हे काम केवळ सुवाच्य अहवाल लिहिण्याचे नाही, आणि येथे विज्ञानाची गरज भासते. पूर्वी जबलपूर जिल्ह्यातच असलेल्या कटनी भागात, कैमोर येथे, सिमेंटचा जुना कारखाना आहे. सिमेंटच्या भट्टीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड केवळ जळणाऱ्या कोळशाचा नसतो, तर चुनखडी तापवली की त्या दगडातूनच तो सुटतो, त्यामुळे सारी वीज सूर्यापासून घेतली तरी हे उत्सर्जन शून्यावर येत नाही. हे रसायन ज्याला ठाऊक नाही त्याला कंपनीचा दावा पारखता येणार नाही. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे, आणि ते गाठण्याची खरी झुंज अशाच भट्ट्यांपाशी होणार आहे.

मराठी वाचकाला हे क्षेत्र परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी पुढाकार घेतलेली रोजगार हमी योजना तासगाव परिसरातील छोट्या प्रयोगापासून १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, तिच्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून पैसा उभारला गेला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला त्या अनुभवाचा आधार मिळाला. छोटा प्रयोग, निधीचा निश्चित स्रोत, कायद्याचे कवच आणि मग विस्तार, असा हा क्रम धोरणशास्त्राच्या कोणत्याही वर्गात शिकवावा इतका स्वच्छ आहे.

आता प्रत्यक्ष निवडीचा प्रश्न. या तीन विषयांची नावे एकत्र गुंफलेली पदवी घेण्यापेक्षा पदवीला एक भक्कम मूळ विषय घ्यावा आणि धोरण किंवा शाश्वतता हा गौण विषय, प्रकल्प वा पुढील पदव्युत्तर शिक्षण म्हणून जोडावा, हा मार्ग बहुतेक विद्यार्थ्यांसाठी अधिक हिताचा आहे. अर्थशास्त्र, सांख्यिकी, कायदा, पर्यावरणशास्त्र, कृषी आणि वाणिज्य हे असे मूळ विषय आहेत. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू केल्यामुळे मुख्य विषयासोबत गौण विषय, व्यावसायिक विषय आणि क्षेत्रप्रकल्प किंवा आंतरवासिता, म्हणजे संस्थेत राहून केलेले शिकाऊ काम, यांची सोय राणी दुर्गावती विश्वविद्यालयाच्या महाविद्यालयांतही झाली आहे. ज्याला कायद्याची ओढ आहे त्याच्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेले धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ शहरातच आहे, तेथील प्रवेश क्लॅट परीक्षेतून होतो आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही याच गावात आहे. जंगल आणि शेती यांकडे कल असणाऱ्याला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था यांचे सान्निध्य लाभते. बाहेर जायचे तर अझीम प्रेमजी विद्यापीठाचा भोपाळ परिसर २०२३ पासून सुरू आहे, पुण्यात गोखले संस्थेत अर्थशास्त्राची पदवी आहे आणि फ्लेम विद्यापीठात सार्वजनिक धोरण हा पदवीचा मुख्य विषय घेता येतो. खासगी विद्यापीठांचे शुल्क मात्र मोठे असते आणि केवळ पदवीच्या नावासाठी त्याकरिता कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. पुढे पदव्युत्तर पातळीवर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांची दारे उघडी राहतात.

अभ्यासक्रम चांगला की वाईट हे ओळखण्याची कसोटी फार अवघड नाही. सांख्यिकी सक्तीची आहे का, सरकारी अर्थसंकल्प आणि कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकवतात का, आणि गावात किंवा वस्तीत जाऊन करायचे सर्वेक्षण गुणांसह आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी नसतील तर तो अभ्यासक्रम केवळ सुंदर शब्द शिकवील. हिंदी अस्खलित असणे, मराठी घरात असणे आणि इंग्रजीत स्वच्छ लिहिता येणे हे जबलपूरच्या विद्यार्थ्याचे बळ आहे. त्यात गोंडी थोडीफार आली तर मंडला-डिंडोरीत त्याला मिळणारी माहिती इतरांना मिळणार नाही.

नोकरीबाबत पालकांना खरे चित्र सांगणे आवश्यक आहे. केवळ पदवीवर मिळणाऱ्या पहिल्या नोकऱ्या बहुधा क्षेत्रीय कामाच्या, सर्वेक्षणाच्या किंवा अहवालासाठी आकडे जमवण्याच्या असतात, त्यांचे वेतन अभियंत्याच्या तोडीचे असेलच असे नाही, आणि वरच्या जागांसाठी पदव्युत्तर पदवी व दोन-तीन वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो. खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिप किंवा महाराष्ट्राची मुख्यमंत्री फेलोशिप अशा संधी या मधल्या वर्षांसाठी उपयुक्त ठरतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत शासनव्यवहार आणि पर्यावरण हे विषय असल्याने हा अभ्यास तेथेही वाया जात नाही, परंतु केवळ त्या परीक्षेची पूर्वतयारी म्हणून ही वाट निवडू नये, कारण परीक्षेत यश न आल्यास हातात असलेल्या कौशल्यावरच उभे राहावे लागते.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने एखाद्या कंपनीचा उत्तरदायित्व अहवाल आणि जबलपूर महानगरपालिकेचा एक अर्थसंकल्प शेवटपर्यंत वाचून पाहावा, आणि शक्य झाल्यास एका जनसुनावणीला जाऊन तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे वहीत उतरवावे. हे करताना मन रमले तर पालकांनी त्याला आडकाठी करू नये.