इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

प्रस्तावना

तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत ती गादी भोसले घराण्याकडे राहिली. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आजही त्या काळाची साक्ष देतात. याच तंजावरच्या सभोवती कावेरीचा त्रिभुज प्रदेश पसरलेला आहे. भात हे तेथील मुख्य पीक. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून १२ जून रोजी शेतीसाठी पाणी सोडण्याचा प्रघात आहे. कुरुवै हे कमी मुदतीचे भातपीक त्याच पाण्याच्या भरवशावर घेतले जाते. धरणात पुरेसा साठा नसला की ही तारीख चुकते. २०२४ साली तसेच झाले. अशा वर्षी विहीर किंवा कूपनलिकाच रोपांना जगवते आणि वीजजोडणी नसलेल्या शेतात ते पाणी उपसण्याचे काम डिझेल इंजिन करते.

अशी इंजिने महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही परिचित आहेत. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी त्यांसाठीच देशभर ओळखली जाते. जुने झालेले इंजिन उघडून त्यात नवा लाइनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे बसवली, की ते जणू नवेच होते. मात्र या दुरुस्तीवर केलेला सारा खर्च पहिल्या काही मिनिटांत वाया जाऊ शकतो. तो कसा वाचवावा, हे प्रस्तुत पाठात आपण पाहू.

तेलाचा पातळ थर

चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग प्रत्यक्ष एकमेकांना घासत नाहीत. त्यांच्यामध्ये वंगण तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. नव्याने जुळवलेल्या इंजिनात तेलाच्या वाहिन्या कोरड्या असतात. मिनिटाला १५०० फेरे घेणारे इंजिन दहा सेकंदांत २५० फेरे घेते. तेवढे फेरे तेलाविना झाले, तर नवे बेअरिंग खरवडले जाते. म्हणून कुशल कारागीर जुळणी करतानाच प्रत्येक घासणाऱ्या भागाला तेल लावतो आणि सुरू करण्यापूर्वी वाहिन्यांमध्ये तेल पोहोचवतो.

सुरू करण्यापूर्वीची कामे

१. तेलाची पातळी मापपट्टीवरील खुणेपर्यंत आहे, हे पाहावे.

२. इंधन बंद ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होते. कोठे अडकल्यासारखे वाटले, तर जोर लावू नये. गिअरच्या खुणा चुकल्या असतील, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. हाताला जाणवलेला अडथळा वेळीच शोधला, तर मोठे नुकसान टळते.

३. इंजिन थंड असतानाच टॅपेटमधील अंतर तपासावे.

४. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून, इंधन बंदच ठेवून, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत हँडल फिरवावे.

५. इंधनाच्या नळीतील हवा काढावी. फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

६. पाण्याची सोय पाहावी. इंजिनाभोवतीचे पाणी आणि पंपातील पाणी, दोन्ही भरलेली असावीत. कोरडा पंप पाणी ओढत नाही.

पहिली काही मिनिटे

पंपघराचे दार उघडे ठेवावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो, परंतु तो प्राणघातक असतो. इंजिन सुरू होताच दृष्टी तेलाच्या काट्यावर असावी. काही सेकंदांत दाब दिसला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. कधी गव्हर्नर अडकून इंजिन बेफाम वेग घेते. इंधन तोडूनही ते थांबले नाही, तर हवेचे तोंड फळीने झाकावे; तेथे हात कधीही लावू नये. इंजिन फार तापल्यास त्यावर एकदम थंड पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जातो.

नंतर इंजिन फार वेळ भाराविना चालू ठेवू नये. तसे केल्यास लाइनरचा पृष्ठभाग चकचकीत होतो, रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल पिऊ लागते. भार हळूहळू वाढवावा. पहिले तेल उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलावे, कारण घासलेल्या धातूचे कण त्यात उतरलेले असतात.

मोटारगाडीच्या पेट्रोल इंजिनालाही हेच तत्त्व लागू पडते. तेथे स्पार्क प्लग काढून आणि इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवतात. या तयारीत फार तर एक सकाळ जाते. ती वाचवण्याच्या नादात बेअरिंग गेले, तर इंजिन पुन्हा उघडावे लागते. तोवर रोपे मात्र उन्हात उभी असतात.

स्वाध्याय

१. इंधन सुरू करण्यापूर्वी तेलाचा दाब का पाहावा?

२. फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवण्यामागील कारण सांगा.

३. आपल्या परिसरातील एखाद्या यंत्राच्या पूर्वतयारीविषयी आठ-दहा ओळी लिहा.