आधी कान, मग दुकान

बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असायचा : कुठल्या शाखेला घालू? आता त्यात एक नवा प्रश्न आला आहे. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो आणि आई सांगत असते, "हा म्हणतो, हेडफोन-स्पीकरचं ऑनलाइन दुकान टाकतो. कॉलेजात जाऊन काय मिळणार म्हणे! तुम्हीच जरा समजवा." समजवा म्हणजे त्याच्या डोक्यातून ते काढून टाका, असा त्यांचा अर्थ असतो. मी तसं करत नाही. धंदा वाईट नाही, पण मुलाच्या मनात त्याचं जे चित्र असतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. म्हणून मी आधी त्या चित्राबद्दल बोलते.

चित्र असं असतं : मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचं, पन्नास ब्लूटूथ इयरफोन घाऊक भावात आणायचे, मोठ्या ऑनलाइन बाजारांवर फोटो टाकायचे आणि नगामागे शंभर रुपये सुटले की झालं. हे चालत नाही. तोच इयरफोन, त्याच फोटोसह, शेकडो विक्रेत्यांनी आधीच लावलेला असतो. त्यातले काही तर स्वतः आयातदार असतात, म्हणजे तुम्ही ज्याच्याकडून माल घेता तोच तुमच्याहून स्वस्त विकत असतो. 'बोट' किंवा 'नॉइज'सारख्या कंपन्या ग्राहकाला थेट माल देतात, तिथे मधल्या पोराला जागा उरत नाही. भावाच्या स्पर्धेत लहान दुकान जिंकत नाही, हे मुलाने पहिल्या दिवशीच मनाशी पक्कं करावं.

मग लहान दुकान कशावर चालतं? एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकाची गरज मोठ्या दुकानापेक्षा जास्त नेमकी कळण्यावर. चेन्नईचं 'हेडफोन झोन' राघव सोमाणी यांनी २०११ मध्ये सुरू केलं ते फक्त हेडफोनचं दुकान म्हणून. टीव्ही नाही, मोबाइल नाही, मिक्सर नाही. कुठला हेडफोन कोणत्या कानाला आणि कोणत्या फोनला जुळेल एवढं नीट सांगणारं कुणी तरी हवं होतं, ती जागा त्यांनी धरली.

महाराष्ट्रात अशी रिकामी जागा कुठे आहे, असं मुलं विचारतात. माझ्या मते ती आपल्या डोळ्यांसमोर आहे. गावोगाव भजनी मंडळं आहेत, हरिनाम सप्ताह होतात, कीर्तनकार वर्षभर फिरतीवर असतात. शाळांना स्नेहसंमेलनासाठी माईक लागतो, क्लास घेणाऱ्या सरांना कॉलर माईक लागतो. ही सगळी माणसं आज काय करतात? तालुक्याच्या दुकानात जातात, दुकानदार जे काढून देईल ते घेतात आणि कार्यक्रमात माईक शिट्टी मारायला लागला की आवाज कमी करून वेळ निभावून नेतात. त्यांना नेमकं उत्तर देणारं, मराठीत बोलणारं, फोन उचलणारं दुकान मला तरी फारसं दिसलेलं नाही.

पण हे उत्तर द्यायला आवाज कळावा लागतो. कीर्तनाचंच घ्या. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावलेली असते, तिथला नाद खोल असतो. टाळांचा आवाज अगदी वरच्या पट्टीतला, टोकदार. या दोहोंच्या मधून बुवांचा शब्द शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी समोरचाच आवाज उचलणारा आणि मागचा कमी घेणारा माईक हवा, स्पीकर माईकच्या पुढे हवेत, मागे नकोत. शिट्टी का येते? स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो, आणि हे चक्र चालू राहतं म्हणून. हे ज्याला समजावून सांगता येतं त्याच्याकडून मंडळ माईक घेतं, आणि पुढच्या वर्षी मिक्सरही त्याच्याकडूनच घेतं.

दुसरं उदाहरण वॉटचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५००० वॉट पीएमपीओ' छापलेलं असतं. मागे पाहावं तर अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा. बारा दुणे चोवीस, म्हणजे आत येणारी वीजच २४ वॉट. बाहेर पाच हजार कुठून येणार? पीएमपीओ हा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. टिकून मिळणारी ताकद सांगतो तो आरएमएस. ज्या दुकानाच्या पानावर फक्त आरएमएस लिहिलेला असेल आणि का लिहिला तेही दोन ओळींत सांगितलेलं असेल, त्या दुकानावर जाणता माणूस विश्वास टाकतो.

असंच ओहमचं. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन, आणि चार ओहमपर्यंतच झेपणारा अ‍ॅम्प्लिफायर तिथे तापून बसतो. देवळावरचे भोंगे लांब तारेवर असतील तर १०० व्होल्ट लाइनची जोडणी लागते, नाही तर ताकद तारेतच जिरते. आणि हेही गिऱ्हाइकाला सांगायला हवं, की ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे. मोठा आवाज विकणाऱ्याला हे माहीत असणं मी त्याचं कर्तव्य समजते. बाळंतीण, आजारी, परीक्षेचा अभ्यास करणारं पोर, या सगळ्यांची घरं त्याच गल्लीत असतात.

हे शिकायचं कुठे? दहावी-बारावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचारचा पदविका अभ्यासक्रम आहे, पदवीला बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स आहे. वाणिज्य शाखेचा मुलगाही हे करू शकतो, त्याला हिशेब आधीच येतो. पण शाखा कुठलीही असो, माझी एक अट असते : सहा महिने दुरुस्तीच्या टेबलावर बसायचं. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, आणि तुमच्या तालुक्यात मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा एखादा माणूस नक्की आहे. त्याच्याकडे सोल्डरिंग शिका, तुटलेली पिन बदला, व्हॉइस कॉइल जळलेला स्पीकर उघडून पाहा. काय वारंवार बिघडतं हे तिथे कळतं, आणि काय विकायचं नाही हेही. पगार मिळाला नाही तरी चालेल. मुलींनाही मी हेच सांगते. या टेबलावर मुली कमी दिसतात याचं कारण एवढंच, की त्यांना तिथे कुणी बसू दिलेलं नाही.

आता पैशाचं बोलू, कारण पालकांची झोप इथे उडालेली असते. मी कागद पुढे ओढते आणि मुलालाच हिशेब मांडायला लावते. समजा, एक माईक कर वगळून ५०० रुपयांना घेतला आणि हजाराला विकला. वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणून गिऱ्हाईक ११८० देतं. आपण खरेदीवर भरलेला कर वजा मिळतो. नगामागे ५०० सुटले असं मुलगा खुशीत लिहितो. मग आम्ही दहा पार्सलांचा हिशेब धरतो. त्यातलं एक परत येतं. नऊ विकले, म्हणजे ४५०० रुपये. दहा पार्सलांची पाठवणी ८० रुपयांप्रमाणे ८००, परत आलेल्याचे आणखी ८०, खोकी आणि फोम २००, पैसे ऑनलाइन घेण्याचा खर्च दोन टक्क्यांनी साधारण २४०, जाहिरातीवर नगामागे शंभर धरले तर १०००, आणि उघडून परत आलेला माईक कमी किमतीत काढावा लागतो, त्याचा तोटा २००. एकूण २५२०. हातात राहिले १९८०. महिन्याला वीस हजार कमवायचे तर जवळजवळ शंभर ऑर्डरी हव्यात, रोज तीनच्या वर. दहात दोन परत आले तर त्याच १९८० चे १२०० होतात. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेले आहेत. तुमचे वेगळे येतील, पण ओळी याच राहतील. हा कागद पाहून बरीच मुलं गप्प होतात. काही मात्र तो घडी घालून खिशात ठेवतात, आणि मला त्यांच्याकडून आशा वाटते.

स्पीकरला आणखी एक खर्च चिकटतो. कुरिअर कंपन्या नुसतं वजन धरत नाहीत, आकारही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायची. ७० बाय ४५ बाय ४० चं खोकं २५ किलोंचं धरलं जातं, आतला स्पीकर पंधराचा असला तरी. म्हणून सुरुवात माईक, केबल, जॅक, लहान मिक्सर अशा मालाने करावी. केबलला ग्लॅमर नाही, पण चांगली सोल्डर केलेली, हव्या त्या लांबीची माईक केबल मोठ्या दुकानात पटकन मिळत नाही. ती घरच्या टेबलावर बनवता येते, आणि त्यातला कामाचा पैसा तुमचाच असतो. लिथियम बॅटरी असलेला माल विमानाने पाठवायला वेगळे नियम आहेत, तेव्हा कुरिअरवाल्याला न सांगता असं पार्सल देऊ नये.

कायद्याचं थोडक्यात. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर करार करता येत नाही, दुकान आई-वडिलांच्या नावाने काढावं लागेल. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण बेळगाव किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला पहिलं पार्सल पाठवायचं तरी नोंदणी लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती मिटवायची. ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस इयरफोन, पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासून पाहता येतो. क्रमांक नसेल तर माल उचलू नका, कितीही स्वस्त असला तरी.

याच ओघात 'फर्स्ट कॉपी'बद्दल. नामांकित कंपनीचं नाव छापलेला नकली माल बाजारात सहज मिळतो आणि मुलांना त्यातला नफा दिसतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण मला कायद्याहूनही मोठी वाटते ती दुसरी गोष्ट : मंडळाने वर्गणी काढून घेतलेला माईक सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी बंद पडला, तर त्या पंचक्रोशीत तुमचं नाव पुन्हा कुणी घेणार नाही.

आता पालकांसाठी. दुकानासाठी दागिना मोडू नका, शेत गहाण टाकू नका. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण तेही पहिल्या वर्षी घेऊ नये असं माझं मत आहे. घरातून तीस-चाळीस हजार देता येत असतील तर द्या, आणि ही रक्कम बुडाली तरी मुलाला टोमणा मारणार नाही असं स्वतःशी ठरवून द्या. बँकेत वेगळं खातं उघडा. दर महिन्याच्या पाच तारखेला मुलाने वही घेऊन तुमच्यासमोर बसावं : किती विकलं, किती परत आलं, कुणाची उधारी राहिली. कॉलेज सुरू राहील ही अट घाला आणि मुदत अठरा महिन्यांची ठेवा. दुकान चाललं नाही तरी ज्याला सोल्डरिंग येतं, पार्सलचा हिशेब येतो आणि रागावलेल्या गिऱ्हाइकाशी मराठीत नीट बोलता येतं, त्याला सर्व्हिस सेंटरमध्ये, ध्वनी संयोजकाकडे किंवा एखाद्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामात काम मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा नक्कीच जास्त असते.

आणि मुला-मुलींनो, तुमच्यासाठी एकच काम. वेबसाइटचं नाव, लोगो, इन्स्टाग्रामचं पान, हे सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. गावात किंवा पेठेत भजन, कीर्तन, व्याख्यान जे काही असेल तिथे जा आणि शेवटच्या ओळीत बसा. काय ऐकू येत नाही ते वहीत लिहा. कार्यक्रम संपल्यावर माईक लावणाऱ्या माणसाला भेटा, त्याच्या अडचणी विचारा. अशा दहा कार्यक्रमांची वही भरली की माझ्याकडे या. दुकानात काय ठेवायचं, ते आपण त्या वहीवरून ठरवू.