नाईक यशवंत घाडगे

मुलांनो, चौकातील पुतळ्याजवळून आपण रोज जातो. पण त्याखालचे नाव वाचतोच असे नाही. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. त्याचे नाव नाईक यशवंत घाडगे.

यशवंत यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. ते मराठा लाइट इन्फंट्री या पलटणीत भरती झाले. तेव्हा भारतावर इंग्रजांचे राज्य होते आणि दुसरे महायुद्ध चालू होते. यशवंत यांची पलटण समुद्रापार इटलीत जर्मन सैन्याशी लढत होती.

१० जुलै १९४४ चा दिवस. टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत आपली तुकडी घेऊन पुढे निघाले. अचानक सुमारे ५० यार्डांवरून शत्रूची मशीनगन धडधडू लागली. क्षणात सर्व सोबती ठार किंवा जखमी झाले. यशवंत एकटेच उरले. पण ते मागे फिरले नाहीत. त्यांनी धावत जाऊन हातबॉम्ब फेकला आणि मशीनगन बंद पाडली. नंतर एका शत्रूला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली व तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. पण इतक्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ देण्यात आला. हे पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. पदक घरी आले, यशवंत मात्र आले नाहीत.

इटलीत कॅसिनो येथे एक स्मारक आहे. ज्यांच्या कबरींचा पत्ता नाही, अशा ४००० हून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरली आहेत. त्यांत यशवंत यांचेही नाव आहे. २०२३ साली इटलीतील मोंतोने गावात त्यांचे आणखी एक स्मारक उभारले गेले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील संदेश आहे. ज्या भूमीवर लढाई झाली, तेथील लोकांनीच परदेशी सैनिकाची आठवण जपली आहे.

मुलांनो, तुमच्या गावातही एखादे स्मारक असेल. आज तेथे थांबा आणि त्यावरील नाव मोठ्याने वाचा.

शब्दार्थ
पलटण – सैन्याचा विभाग
ठाणे – सैन्याची चौकी
दस्ता – बंदुकीचा मागचा लाकडी भाग
मरणोत्तर – मृत्यूनंतर

स्वाध्याय
१. यशवंत एकटे का उरले?
२. मोंतोने येथील स्मारकाचा संदेश तुमच्या शब्दांत सांगा.