मौन म्हणजे संमती नव्हे : देसाईगंज खटल्याचा अभ्यास

लग्नाच्या बोलणीत मुलगी खाली मान घालून गप्प बसली, की आपल्याकडची वडीलधारी माणसे समाधानाने म्हणतात, "मौन म्हणजे संमती." हेच वाक्य पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि गावाच्या पारावर जाऊन बसते तेव्हा काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. राज्यशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी दरवर्षी वर्गात एक खटला शिकवतो. त्यावर मुलामुलींकडून हमखास येणारा प्रश्न असा : "पण सर, तिने आरडाओरड का केली नाही?"

हा खटला आपल्याच राज्यातला. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर व आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणले होते. आईबाप नव्हते, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, भावासह मोलमजुरी करून ती पोट भरीत होती. जबाब झाल्यावर बरोबरच्या माणसांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेण्यात आले. बाहेर आल्यावर एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केल्याचे व हवालदाराने अंगाशी झोंबाझोंबी केल्याचे तिने सांगितले. जमाव चिडला, तेव्हा कोठे तक्रार लिहून घेतली गेली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. परंतु पीडितेचे नाव छापणे हा आज गुन्हा आहे आणि त्यामागचे तत्त्व मला मान्य असल्याने ते मी येथे देत नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुलीला शरीरसंबंधाची सवय होती, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी ठरविले. भीतीने निमूट शरण जाणे वेगळे आणि संमती देणे वेगळे, हा भेद त्याने केला. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, म्हणून बळजबरी सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे आपल्या वर्गातला प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनानेही विचारला होता!

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, खाकी वर्दीसमोर एका गरीब पोरीने विरोध करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा त्या पत्रामागचा सवाल होता. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांसारख्या अधिकारी व्यक्तीने ताब्यातील स्त्रीशी संबंध ठेवल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केले, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या शरीरसंबंधांचा अंदाज घेणारी 'दोन बोटांची तपासणी' करणे हे गैरवर्तन ठरविले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अतिशय भीतीच्या क्षणी अनेकांचे हातपाय गार पडतात, जीभ टाळूला चिकटते, शरीर सुन्न होते. शेतात पायाशी नाग दिसल्यावर धडधाकट गडीसुद्धा खिळून उभा राहतो. त्याला "तू पळाला का नाहीस?" असे आपण दरडावून विचारीत नाही. मग मुलीलाच का विचारतो?

आपल्या परभणी जिल्ह्यात या गोष्टी कोठे लागू पडतात, हे पाहिले पाहिजे. पालम किंवा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या मैत्रिणीने असे काही सांगितले, तर पहिले वाक्य असावे, "तुझा काही दोष नाही." त्यानंतर, "आता तुला काय हवे आहे?" अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते कागदात जपून ठेवावेत आणि लवकरात लवकर दवाखाना गाठावा. जिल्हा रुग्णालय असो की खाजगी, उपचार तत्काळ आणि विनामूल्य देणे बंधनकारक आहे. मात्र रुग्णालय पोलिसांना कळविते, हे तिला आधी सांगावे. गर्भधारणा टाळण्याची गोळी पहिल्या बहात्तर तासांत घ्यावयाची असते. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या बाईवर तिकडे अत्याचार झाला, तर ती गंगाखेडच्या ठाण्यातही तक्रार नोंदवू शकते. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो, आणि तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस स्वतः शिक्षेस पात्र होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो. राज्याच्या २०१३ च्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य व समुपदेशनाची सोय आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि १८१, तर मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. पीडित अठरा वर्षांखालील असेल, तर माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळविणे कायद्यानेच आवश्यक आहे.

हे झाले घडून गेल्यानंतरचे. घडू नये म्हणून मुलींना सातच्या आत घरात बोलावणे हा उपाय आपण पिढ्यान्‌पिढ्या केला. देसाईगंजची मुलगी तर पोलीस ठाण्यात होती! तेव्हा शिकवण मुलग्यांनाही हवी. "हो" ऐकू आले नसेल तर ते "नाही" समजावे, एवढे साधे सूत्र घराघरांतून सांगितले गेले पाहिजे. महाविद्यालयातही कायद्याने तक्रार समिती असते; तिच्या सदस्यांची नावे सूचनाफलकावर वाचून ठेवावीत.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत या खटल्यावर टीप लिहून तुम्हांला गुण मिळतील. त्यापलीकडे माझी अपेक्षा एवढीच आहे, की गावाकडे कधी असा विषय निघाला आणि कोणी "ती ओरडली का नाही?" असे विचारले, तर तुमच्यापैकी एकाने तरी तेथे उठून उत्तर द्यावे.